गिऱ्हाईक हाकलणारे मिक्सिंगमामा

गिऱ्हाईक हाकलून लावण्यात मिक्सिंगमामांचा हात धरेल असा दुकानदार अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नव्हता. ज्या गावात अनोळखी माणसालाही "बसा की पावणं, चहा घ्या" म्हटल्याशिवाय कुणी सोडत नाही, त्या गावात हा गृहस्थ दारात पाऊल टाकणाऱ्याला "कॅमेरा घ्यायचाय? कशाला?" असं विचारायचा. ते 'कशाला' इतकं खणखणीत असायचं की निम्मी माणसं उत्तर न देताच परत फिरायची. उरलेली निम्मी उत्तर द्यायची आणि मग आपण का बोललो म्हणून पस्तावायची.

शाहूपुरीतल्या एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. नव्वदीच्या दशकात त्यांनी निम्म्या जिल्ह्याची लग्नं शूट केली, आणि ती कापून, जोडून, वर गाणी चढवून कॅसेटी करून दिल्या. या उद्योगाला तेव्हा मिक्सिंग म्हणत. मामांचं बारशाला ठेवलेलं नाव त्या मिक्सिंगमध्ये कुठं हरवलं ते त्यांच्या बायकोलाच ठाऊक. पुढं लग्नाचे शूटिंगवाले ड्रोन उडवायला लागले, तेव्हा मामा कॅमेरे, माईक, स्टँड आणि सल्ला विकायला बसले. सल्ला फुकट होता, त्यामुळं तोच खपायचा. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

एकदा माझ्यासमोरच कागलचे एक गृहस्थ आले होते. दारात दहा-बारा म्हशी, दुधाचा धंदा जोरात, आणि आता म्हशींचे व्हिडिओ काढून नेटवर टाकायचं डोक्यात घेतलेलं. त्यासाठी त्यांना ड्रोन हवा होता.

"म्हस वरनं बघून काय करणार?" मामा म्हणाले. "दूध खालनं येतंय न्हवं?"

"तसं न्हाय मामा. वरनं जरा भारी दिसतंय."

"वर ते गरगराय लागलं की म्हस बुजणार, दावं तोडून हायवेवर जाणार. मग काढा की व्हिडिओ. लाखभर माणसं बघतील."

गृहस्थ मोबाईलचा एक साधा स्टँड घेऊन गेले. जाताना मामांनी सांगितलं, "म्हशीच्या डोळ्याएवढी उंची ठेवा. बघणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडला पायजे." चार-सहा महिन्यांनी ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले. त्यांचे व्हिडिओ म्हणे आता पार हातकणंगल्यापर्यंत लोक बघत होते. मामांनी पेढा तोंडात टाकला आणि साखर जास्त झालीय एवढंच कौतुक केलं.

आता माझं शहाणपण सांगते. मी शाळेत शास्त्र शिकवते. तक्ता केल्याशिवाय मला भाजीसुद्धा आणता येत नाही. आईची पंच्याहत्तरी तीन महिन्यांवर आली, तेव्हा तिच्यावर घरच्या घरी छोटीशी फिल्म करायची असं मी ठरवलं आणि पंधरा दिवस नुसते व्हिडिओ बघितले. कॅमेरा कुठला घ्यावा, एडिटिंगचं सॉफ्टवेअर कुठलं शिकावं, कुठल्या लेन्सनं मागचं धूसर होतं, सगळं पाठ झालं. शूटिंग मात्र एका मिनिटाचंही केलेलं नव्हतं. शेवटी पाच रकान्यांचा रंगीत तक्ता छापून मी मामांकडं गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो वाचला आणि मग मागच्या बाजूला काही आहे का तेही उलटून पाहिलं.

"ह्यात आईचं नाव कुठं हाय, बाई?"

"आईचं नाव कशाला? ही सामानाची यादी आहे."

"मग सामानाचीच फिलिम काढा की. आईला कशाला तरास?"

त्या दिवशी मला गृहपाठ मिळाला. शिक्षिकेला! हातात आहे त्याच मोबाईलवर आईचं दहा मिनिटं शूटिंग करून आणायचं. आणलं. आई खिडकीला पाठ करून बसलेली, त्यामुळं चेहरा काळाठिक्कर. कुकरच्या चार शिट्ट्या स्पष्ट, आईचं बोलणं अस्पष्ट. मध्येच माझा हात दुखायला लागला, तिथून पुढं आमचं घर बोटीत असल्यासारखं डोलत होतं. मामांनी दहाच्या दहा मिनिटं न हलता बघितली, आणि त्या दिवसापासून ते 'तुम्ही'वरून 'तू'वर आले.

"कुकर झकास बोललाय," ते म्हणाले. "हे बघ पोरी, चित्र जरा हिकडं-तिकडं झालं तर माणूस सोसतंय. आवाज न्हाय आला तर उठून जातंय. कॅमेरा हाय तुझ्या हातात. कॉलरला लावायचा एक माईक घे, आईला खिडकीकडं तोंड करून बसीव, आन् पंखा बंद कर. संपलं तुझं कॉलेज."

माझा अख्खा तक्ता असा एका माईकवर आणि एका स्टँडवर आटोपला. एवढा रंग उगीच वाया घालवला याचं मला फार वाईट वाटलं.

सॉफ्टवेअरचीही तीच गत. मोठमोठे सिनेमावाले वापरतात ते मला हवं होतं, कारण मीही आता मोठी सिनेमावाली होतेच. मामांनी विचारलं, "तुझा लॅपटॉप उघडायला किती येळ लागतोय?" म्हटलं, चहा करून येईपर्यंत. "मग त्याच्यावर हे चढीवलंस तर पोळ्या करून ये." त्यांनी मोबाईलवरच चालणारं, फुकटातलं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि त्यातल्या तीन गोष्टी दाखवल्या: कापायचं कसं, जोडायचं कसं, आवाज कमी-जास्त करायचा कसा. चौथी विचारलीस तर दुकानात घेणार नाही, अशी तंबीही दिली. इफेक्ट हा शब्द तर त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. कुणी "मामा, ह्यात इफेक्ट किती हायत?" म्हटलं की हा माणूस खुर्चीतून उठून उभा राहायचा. मला वाटायचं, म्हातारपणीचा हेका, दुसरं काय.

माईकसमोर आई मात्र खुलली. गडमुडशिंगीचं माहेर, तिथली विहीर, तिला बघायला आलेले आणि नापसंत करून गेलेले दोन शहाणे, सगळं रंगवून सांगितलं. मग मी आप्पांचं विचारलं. आप्पा म्हणजे माझे वडील. मी सातवीत असताना हृदयविकारानं गेले. आईनं भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं.

"चेहरा फोटोत हाय त्यांचा, रोज बघतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, 'बघतो', 'जातो'. "आवाज मातूर इसरत चाललोय बघ. कसा हुता, आठवाय गेलो की निसटतोय."

मी रेकॉर्डिंग बंद केलं. त्यानंतर मला फिल्मचं फारसं काही वाटेना. आईला आप्पांचा आवाज एकदा ऐकवायचा, एवढंच डोक्यात राहिलं.

तो आवाज असलाच तर एकाच ठिकाणी असणार होता: आक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, लग्नाच्या कॅसेटमध्ये. ते लग्न झालं तेव्हा मी पाचवीत होते. ती कॅसेट आम्ही एकदाच, भाड्यानं व्हीसीआर आणून बघितली होती, आणि तेव्हा घरातला प्रत्येक जण फक्त स्वतःचं तोंड शोधत होता. पुढची तीस वर्षं ती कपाटात साड्यांखाली होती. मी ती मामांकडं नेली आणि आईचं बोलणं त्यांना सांगितलं. त्यांनी तिचं झाकण उघडून आतली पांढरी बुरशी बघितली, दोन दिवस खपून फीत पुसून काढली आणि म्हणाले, "एकदाच चालंल ही. चालंल तवाच कॉम्प्युटरात घ्यायची." जुना व्हीसीआर, कॉम्प्युटर आणि दोघांना जोडणारी काडेपेटीएवढी एक डबी. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते, तिथं कुणाची घाई चालत नाही. आम्ही दोघं समोर बसलो.

पडदा निळा झाला. ढगांमधून गरगरत अक्षरं आली, आणि ते मामांच्याच जुन्या स्टुडिओचं नाव निघालं. "अरं तिच्या मारी," मामा पुटपुटले.

मग आप्पा आले. कमळातून आले. कमळ उमललं, आत फेटा बांधलेले आप्पा दिसले, आणि पाकळ्या मिटल्या. पुढं ते बदामातून आले, मग फिरत्या खोक्याच्या सहा बाजूंवर आले, एकदा तर एकदम चार-चार आप्पा आले. आणि तीन तास, अखंड, सिनेमातली गाणी. आप्पांचे ओठ हलत होते. हात जोडून ते पाहुण्यांना काहीतरी सांगत होते. पाठवणीला आक्काला जवळ घेऊन तिच्या कानात काहीतरी बोलले, तिथं तर एक बाई गळा काढून गात होती. आप्पांचा एक शब्दही नव्हता.

मी भडकले. "मामा, माझा बाप कमळात घातलात तो घातलात. त्याचा आवाज कुठं घातलात?"

"पुसला," मामा खाली बघत म्हणाले. "मशीन नवं हुतं तवा. चाळीस इफेक्ट हुते, चाळीसच्या चाळीस वापरले. माणसांचं बोलणं म्हंजे आमाला कचरा वाटायचा. त्याच्यावर गाणं चढीवलं की लगीन भारी."

"आणि मूळ कॅसेट? कॅमेऱ्यातली?"

"तिच्यावर दुसरं लगीन घेतलं असणार. त्याच्यावर तिसरं. परत परत वापरायचो आमी."

मला तिथंच रडू फुटलं. आणि रडताना राग काही कमी होईना, म्हणून मी दुकानातून निघून आले. कॅसेटसुद्धा तिथंच राहिली.

पंच्याहत्तरीला बारा मिनिटांची फिल्म दाखवली. आवाज स्वच्छ, इफेक्ट शून्य. नातेवाइकांनी टाळ्या वाजवल्या, आक्का रडली, आणि एका चुलतभावानं कॅमेरा कुठला वापरला म्हणून विचारलं. आप्पा त्यात फोटोतून आले आणि फोटोतूनच गेले. आई "बरी झालीया" म्हणाली. ज्यांच्यामुळं फिल्म झाली त्या मामांना मी बोलावलं नव्हतं. एवढ्या कोत्या मनानं मी वागले, हे आज लिहितानाही लाज वाटते.

दोन महिन्यांनी मामा लॅपटॉप काखेत मारून आमच्या दारात उभे. मी 'या'सुद्धा म्हटलं नाही. आईनंच त्यांना आत घेतलं. पाणी न घेताच ते बोलायला लागले. माळ्यावर त्यांच्या जुन्या कॅसेटी पोत्यांत भरून पडल्या होत्या. नवं लग्न आखूड असलं की त्याच कॅसेटच्या टोकाला आधीच्या लग्नाचं शेपूट पुसायचं राहून जातं, हे त्यांना घरी जाऊन आठवलं. मग दोन महिने, रोज दुपारी दुकानाचं शटर ओढून, त्यांनी एकेका कॅसेटचं टोक बघितलं. कुणाच्या वरातीमागं कुणाचं बारसं, कुणाच्या बारशामागं कुणाची सत्यनारायणाची पूजा.

"एका टोकाला मांडवाचं कापड तुमच्या घरच्या लग्नातलं वाटलं. निळं-पिवळं," ते आईला म्हणाले. "सतरा सेकंद हाईत. पर त्यात त्येंचा आवाज हाय का, मला कळायचं न्हाय. तुमीच सांगायचं."

चित्रात कुणाचंच तोंड नव्हतं. कॅमेरा चालू ठेवून हातात लोंबकळत धरलेला असावा. आमटीची बादली, वाढप्याचे पाय, पत्रावळींची रांग. "उभ्या जन्मात ह्याच्याएवढं वाईट शूटिंग केलं न्हाई मी," मामा म्हणाले. गाणं नव्हतं. भांडी वाजत होती, कुणीतरी मीठ मागत होतं. मग पंगतीतून, कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या कुण्या पुरुषाचा दमलेला, घोगरा आवाज आला.

"अगं ए, जेवलीस का न्हाई? सकाळधरनं उभी हाईस."

आणि चित्र संपलं. मला तो आवाज ओळखता आला नाही. खरंच नाही आला, खोटं कशाला सांगू. मी आईकडं बघितलं. मामाही तिच्याकडंच बघत होते. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जेवलो की," ती लॅपटॉपला म्हणाली.

मग मामांकडं वळून हळू आवाजात म्हणाली, "न्हवतो जेवलो. पर तसं सांगाय लागतंय. न्हाईतर तेबी पानावरनं उठलं असतं."