नोरीनने आपला आवाज काढून घेतला

इंग्लंडातल्या रॉदरहॅमच्या बाजारात गालिच्यांच्या दुकानावर एक खोली आहे. तुम्ही रेडिओवर ऐकलेली निदान चार गाणी तिथे जन्मली, आणि ती करणाऱ्या बाईचं नाव तुम्हाला ठाऊक नाही. दोष तुमचा नाही. ते नाव पुसायला पगारी माणसं आहेत.

नोरीन हेपवर्थ. बेकरीतल्या भट्टीवाल्याची पोरगी. शब्द तिचे, चाल तिची, ड्रमपासून व्हायोलिनपर्यंत सगळं बसवणंही तिचं. आधी अख्खं गाणं ती स्वतः गाते. तो कच्चा आवाज कानात ठेवून गायिका वर गाते, मग कच्चा आवाज पुसायचा, ही रीत. गायिकेने एखादा शब्द बदलला की गीतकारांत तिचंही नाव घालायचं, हीसुद्धा रीत. त्यावर नोरीन कधी भांडली नाही. मी भांडायचो. वादकांच्या संघटनेत वीस वर्षं तेच करतोय.

"तुला भांडायला आवडतं, मला गाणी करायला," ती म्हणायची. "चिप्स खा, गार होतायत."

पण रेकॉर्डवर निर्माती म्हणून, म्हणजे सगळं बसवणारी म्हणून, नाव तिला हवं होतं. तीन रेकॉर्डवर तिथे दुसऱ्याच कुणाचं लागलं. नाव नसलं की पुढचं मोठं काम मिळत नाही. गाणी लिहिणाऱ्या काकू म्हणून चहा पाजतात आणि बोळवण करतात.

चौथ्या वेळी लंडनहून रेकॉर्ड कंपनीचा रूपर्ट आला, सोबत टॅमसिन ही नवी गायिका. रेकॉर्ड तयार होती, फक्त वेष्टणावरचा मजकूर पक्का करायचा होता. निर्माता म्हणून रूपर्ट. हा गडी त्या खोलीत दोन दुपारी बसला होता, त्यातली एक घोरत.

"मनावर घेऊ नकोस, नोरीन," तो म्हणाला. "सगळीकडे असंच चालतं. आभारांत आहेस ना तू."

"कुठे?"

"केशभूषेच्या खाली."

त्याला पूर्ण टक्कल होतं. कोपऱ्यातून मी म्हणालो, "त्या केशभूषेचे तू तरी कशाला आभार मानतोस रे?"

नोरीन हसली नाही. "बरं. मग माझं सामान मी काढून घेते," म्हणाली. तिने एक बटण खाली ओढलं आणि ध्रुवपद लावलं.

टॅमसिन वरच्या सुराला पोचत नव्हती, म्हणून नोरीनने तेवढ्यापुरता आपला कच्चा आवाज पुसला नव्हता, तिच्या आवाजाखाली ठेवला होता. कंपनीतल्या सगळ्यांनी ऐकून पसंती दिली होती. आवाज कोणाचा, हे एकानेही विचारलं नव्हतं. आता तो गेला, आणि ध्रुवपद जिन्यात पायरी चुकल्यासारखं कोसळलं.

टॅमसिनने कप खाली ठेवला. "ही मी?"

"तू छान गातेस, पोरी. वर फक्त मी धरलं होतं तुला."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर खालचे सूरही सोडले असतेस."

"ही अडवणूक आहे," रूपर्ट म्हणाला.

"गळा माझा आहे. माझ्या आवाजाचा करार दाखव, लगेच परत लावते."

करार नव्हताच. मग तो म्हणाला, दोघांची नावं घालू, आधी माझं. नोरीनने बटणाला हात लावला नाही. शेवटी टॅमसिनच म्हणाली, "रूपर्ट, फोन कर आणि यांचं नाव लाव. माझी लाज तू काढतोयस, त्या नाही."

त्याने फोन केला. रेकॉर्ड आली, त्यावर निर्माती एकटी नोरीन. गाणं चाललं. आणि त्या कंपनीचा फोन पुन्हा आला नाही. कटकटी बाई, असं लंडनभर पसरलं. तेच गाणं चाळीस वेळा गायला लावणारा पुरुष यांच्या लेखी 'बारकाईचा माणूस'.

लंडनचं सोडा. आमच्याच संघटनेच्या सभेत बास गिटार वाजवणारा क्लाइव्ह म्हणाला, "तिने जरा नमतं घ्यायला हवं होतं."

"तीनदा घेतलं होतं," मी म्हणालो. "अजून किती वाकली म्हणजे तुला दिसेल?"

आता नोरीन शेफील्डच्या एका बँडचं काम करते. आधी नावाचा कागद सही होऊन येतो, मगच ती माइक लावते. हाच नियम सगळ्यांसाठी करा, असा ठराव मी मांडला. दोन मतांनी पडला, आणि ती दोन मतं कोणाची ते मला माहीत आहे. दोघांच्याही रेकॉर्डवर त्यांची नावं आहेत.