साक्षगंधाचा फोटो

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आणि शालूला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही कधी माझ्या घरी जेवायला येणार नाही.

शालू माझी धाकटी बहीण. आई-बाबा गेले तेव्हा मीच तिला वर्ध्याहून दिल्लीला आणलं, सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. ती शिकली, नोकरीसाठी जर्मनीला गेली, आणि तिथे कोफी तिला आवडला. कोफी घानाचा. हसरा, शिकलेला, आणि – काळा. बघा, लिहितानाही हात अडखळला. आणि मी कोण? महिला मंडळात माईक धरून समतेवर बोलणारी बाई! व्हिडिओ कॉलवर त्याने हात जोडून, शालूने शिकवलेलं ‘जय भीम’ म्हटलं, तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल? नागपूरच्या मावश्या काय म्हणतील, एवढंच.

तिकडे नोंदणी पद्धतीने लग्न करायचं तर मुलगी अविवाहित आहे, असा इथला सरकारी दाखला लागतो. आई-बाप नाहीत, म्हणून प्रतिज्ञापत्र मी करायचं होतं. केलं. सहीसुद्धा झोकात केली. शालूचा पत्ता आमचाच, त्यामुळे चौकशीचा माणूसही आमच्याच घरी आला. सोफ्यावर बसला, चहा घेतला.

“बहनजी, लड़की की शादी तो नहीं हुई ना पहले?”

‘नाही’ म्हणायचं होतं. एवढंच काम होतं माझं. मी उठले, आत गेले आणि अल्बम घेऊन आले. त्याने मागितला होता का? छे!

जर्मनीला जाण्याआधी नागपूरच्या एका मुलाशी शालूचं साक्षगंध झालं होतं. आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. ते महिन्याभरातच मोडलं. पण फोटोत दोघांच्या गळ्यात हार, हातात अंगठ्या, मागे सगळं गणगोत. दिल्लीच्या माणसाला हे लग्नच वाटणार – हे मला ठाऊक होतं. पक्कं ठाऊक होतं.

“ये शादी की है?”

“लड़केवाले नागपुर के थे,” मी म्हटलं, आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

खोटं एक अक्षर बोलले नाही. केवढी हुशारी! स्वतःच्या त्या हुशारीची आज मला किळस येते.

दाखला नाकारला गेला. शालू फोनवर रडली – ताई, पुन्हा अर्ज कर, वकील बघ. मी रोज सांगायची, आज जाऊन आले, साहेब भेटले नाहीत. आणि जायची कुठे? खाली मार्केटमध्ये, पडद्यांचं कापड बघायला. लग्नाची तारीख टळली. मग तिचं कंत्राट संपलं, व्हिसा संपला, आणि ती परत आली. विमानतळावर माझ्या गळ्यात पडून म्हणाली, तुला फार त्रास दिला. कोफी बरेच दिवस फोन करत राहिला. नंतर त्याचं लग्न झाल्याचं कळलं, आणि मला – खरं सांगू? – हायसं वाटलं.

शालू आता गुरुग्रामला एकटी राहते. दर रविवारी जेवायला येते. गेल्या रविवारी माझ्या मुलीने ताटावर बसल्या बसल्या जाहीर केलं, मित्र कॅनडात आहे, लग्न तिथेच करायचंय, पण कागद फार लागतात.

“टेन्शन नको घेऊस यार,” शालू म्हणाली. “तुझी आई आहे ना! माझ्या वेळी ताईने किती खेटे घातले, विचार. माझंच नशीब नव्हतं.”

माझी मुलगी माझ्याकडे कौतुकाने बघत होती. आणि मी? मी शालूच्या ताटात पोळी वाढली.

“बास, ताई,” ती म्हणाली.

मी आणखी एक वाढली.