मिटलेल्या डोळ्यांचा फोटो

अमानवीय वगैरे काही असतं, असं मला वाटत नाही. पुढचा मजकूर लिहून झाल्यावरही वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे. मी बरीच वर्षं सोलापुरात एका दैनिकासाठी फोटो काढले. दोन माणसांनी वेगवेगळं सांगितल्याशिवाय बातमी छापायची नाही, हे तिथं शिकलो. या प्रसंगाला माझ्याखेरीज तीन साक्षीदार आहेत. त्यातल्या एकाने मला हे लिहू नका असं सांगितलंय, म्हणून नावं बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसं.

दैनिकाचा फोटो विभाग बंद झाल्यावर मी बाहेरच्या जागी पोर्ट्रेट काढायचं काम सुरू केलं. लग्न ठरवण्यासाठी मुलींचे फोटो, प्री-वेडिंग, साठी, पंचाहत्तरी. सोबत शब्बीरभाई. गाडी त्यांची, चेहऱ्यावर उजेड टाकणारा रिफ्लेक्टरही तेच धरतात. या धंद्यात फोटो काढण्यापेक्षा जागा शोधणं अवघड. सोलापूरचं ऊन सकाळी नऊनंतर माणसाला उभं राहू देत नाही, डोळ्यांच्या खोबणीत काळं पडतं. जागेला सावली हवी, पण वर आभाळ मोकळं हवं. साडी बदलायला आडोसा हवा आणि बघे नकोत. तलावांच्या काठी बघे फार.

कुंभारीच्या अलीकडे अक्कलकोट रोड सोडून डावीकडे कच्चा रस्ता जातो. त्याच्या टोकाला एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. पश्चिमेला काळ्या दगडाची उभी भिंत. दुपार कलली की अख्खी खाण सावलीत जाते, वरून आभाळाचा उजेड मात्र सारखा पडत राहतो. माणूस भिंतीपुढे बसवला की स्टुडिओत बसवल्यासारखा दिसतो. अशी जागा मला शहराच्या आसपास दुसरी मिळालेली नाही.

फोटो काढण्याची माझी एक पद्धत आहे. माणूस कॅमेऱ्यापुढे आला की पापण्या फडफडवतो. म्हणून मी सांगतो, "डोळे मिटा. मी 'हं' म्हटलं की उघडा." डोळे उघडल्यावरचा पहिला क्षण सगळ्यात ताजा असतो. त्या क्षणी मी लागोपाठ फ्रेम घेतो.

पहिल्यांदा एका निवृत्त शिक्षकांच्या बाबतीत घडलं. सकाळी तलावाकाठी काढलेले त्यांचे फोटो उत्तम आले. दुपारनंतर खाणीतल्या प्रत्येक फ्रेममध्ये डोळे मिटलेले. एखाद-दुसऱ्या फ्रेममध्ये पापणी पडते, ते रोजचं आहे. सगळ्यांत पडत नाही. त्यांनी डोळे उघडलेले मी स्वतः पाहिले होते. ते हसले, म्हणाले, "वर्गात पोरं झोपायची, आता मी." महिना संपायच्या आत ते गेले. मी दोन गोष्टींचा संबंध जोडला नाही.

नंतर एक लग्न ठरलेलं जोडपं आलं. मुलीचे डोळे उघडे, मुलाचे मिटलेले, सगळ्या फ्रेममध्ये. थोड्याच दिवसांत मुलगा मंगळवेढ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेव्हा शब्बीरभाई म्हणाले, "दादा, वो जगा नक्को अब." मी त्या जागेची चौकशी केली. दैनिकाच्या जुन्या फायली चाळल्या, गावात विचारलं. खाणीत कुणी मेलं नव्हतं, कुणाचा बळी गेला नव्हता, कसली आख्यायिकाही नव्हती. दगड संपला म्हणून खाण बंद झाली होती. कॅमेरा तपासून घेतला. त्यात दोष नव्हता. आम्ही तिथं जाणं थांबवलं.

पण खाणीतल्या फोटोत डोळे मिटलेले आले की माणूस जातो, असं बोलणं पसरलं. फोन येऊ लागले. "सासऱ्यांचा फोटो काढायचाय, तिथंच काढा. त्यांना सांगू नका मात्र." त्यांना घरातल्या लग्नाची तारीख धरायची होती, मध्ये सुतक नको होतं. एकाने भागीदाराचा फोटो काढता येईल का, असं विचारलं. मी सगळ्यांना नाही म्हणालो. लोक नाराज झाले. एक बाई म्हणाल्या, "तुम्हाला काय करायचंय, तुम्ही फक्त बटण दाबा."

श्रीनिवास आला तेव्हा खाणीचं नाव घेतलं नाही. एमआयडीसीत त्याचा टॉवेलचा छोटा कारखाना. "अम्माची पंचाहत्तरी हाय सर. चांगला फोटो पायजे. आजवर काढलाच न्हाई." कुंभारीजवळची एक आमराई ठरली. ठरलेल्या दिवशी त्याची गाडी पुढे, आमची मागे. मधे एमआयडीसीची पाळी सुटली, सायकलींच्या गर्दीत आम्ही मागे पडलो. शब्बीरभाईंनी लांबून पाहिलं, पुढची गाडी खाणीच्या कच्च्या रस्त्याला वळत होती.

आम्ही पोचलो तेव्हा म्हातारी भिंतीपुढे स्टुलावर बसलेली होती. जांभळी इरकल, केस चापून बसवलेले. श्वास लागत होता, पण चेहरा खुशीत. मला म्हणाली, "माजा एकच फोटो हाय बाळा, रेशन कार्डावरचा. त्यात मी कोंबडी चोरल्यासारकी दिसते."

तिचा धाकटा मुलगा, श्रीनिवासचा भाऊ नागेश माझ्याजवळ आला. त्यानेच हळू आवाजात सांगितलं. अम्माच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. ऑपरेशन पुण्याला. करायचं की नाही ते डॉक्टरांना या आठवड्यात कळवायचं होतं. त्यासाठी कारखान्यातले माग विकावे लागले असते.

"मग इथं कशाला आणलं?" मी विचारलं.

"अण्णा म्हणतोय, एकदा बघून घेऊ. फोटोत डोळे मिटून आले तर कशाला उगं तिला चिरायचं. वय बी हाय."

मी कॅमेरा बॅगेत परत ठेवला. श्रीनिवास जवळ आला. "सर, तुमी फोटो काढा. ठरवणार आमी. तुमच्यावर काय न्हाई."

"आमराईत चला, तिथं काढतो."

"तिला चालवत न्हाई."

म्हातारी आम्हा तिघांकडे बघत होती. "काय चाललंय? काढ की बाळा. एवढी नेसून आले, सूनबाईनं दोनदा निऱ्या घातल्या."

मी कॅमेरा काढला. हे का केलं याचं उत्तर माझ्याकडे तेवढंच आहे, तिने सांगितलं म्हणून. शब्बीरभाईंनी रिफ्लेक्टर उघडला. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. मी नेहमीसारखं म्हणालो, "अम्मा, डोळे मिटा. मी 'हं' म्हटलं की उघडा."

तिने डोळे मिटले. मी "हं" म्हटलं. तिने उघडले नाहीत.

"अम्मा, उघडा आता."

"ऊन लागतंय."

खाणीत उन्हाचा कवडसाही नव्हता. त्यासाठीच तर ती जागा.

श्रीनिवास माझ्या उजव्या हाताला उभा होता. "अम्मा, नाटक करू नको. उघड डोळे."

"मिटल्यालेच काढू दे. तुला तेच बघायचंय नव्हं?" ती शांतपणे म्हणाली. "आमच्या गल्लीत विड्या वळताना बायका सगळं बोलत्यात. कुणाच्या सासूला कुटं नेलं, कशाला नेलं. मला काय ठावं न्हाई व्हय?"

नागेश मोबाईलमध्ये बघू लागला. श्रीनिवास पुढे गेला, तिची हनुवटी धरून वर केली. "उघड म्हणतो ना."

तिने पापण्या आणखी घट्ट आवळल्या. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या मला भिंगातून स्वच्छ दिसत होत्या. शब्बीरभाई म्हणाले, "भाई, हात छोडो. माँ है."

तो मागे येऊन पुन्हा माझ्या उजवीकडे उभा राहिला. म्हातारी म्हणाली, "काढ बाळा. संपव."

मी फ्रेम घेतल्या. लागोपाठ, बऱ्याच. सगळा वेळ तिचे डोळे मिटलेले होते. हे मी पाहिलं, रिफ्लेक्टर धरून तिच्यापासून हातभर अंतरावर उभ्या शब्बीरभाईंनी पाहिलं, दोन्ही मुलांनी पाहिलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो उघडला. डोळे उघडे होते. सताड उघडे, स्वच्छ, किंचित पाणावलेले. पुढची फ्रेम, तिच्या पुढची, सगळ्या तशाच. नजर भिंगात नव्हती. थोडी बाजूला होती, श्रीनिवास उभा होता तिकडे.

कॅमेरा शब्बीरभाईंकडे दिला. त्यांनी पाहिलं आणि परत दिला. श्रीनिवासने खांद्यावरून वाकून पाहिलं. त्याला यातलं विचित्र काय आहे ते बहुतेक कळलंच नाही. तो फक्त उत्तर बघायला आला होता.

"उघडे हायत," तो नागेशला म्हणाला. त्याचा चेहरा सैल झाला. "बघ. तिला काय होत न्हाई. मग कशाला पुण्याला न्यायची? गोळ्या चालू ठेवू."

म्हातारी स्टुलावरून उठायचा प्रयत्न करत होती. मी हात दिला. ती हसली, खरंच हसली. "मिटले असते तर म्हणाला असता, आता कशाला. उघडे आले तर म्हणतो, गरजच न्हाई." मग मला म्हणाली, "फोटो तेवढा चांगला आलाय का?"

चांगला आलाय म्हणालो. ते खरं होतं.

ऑपरेशन झालं नाही. उन्हाळा लागायच्या आत अम्मा गेली. श्रीनिवासने फोटो मोठा करून घेतला, घरात दुसरा नव्हताच. रेशन कार्डावरचा हाराखाली शोभला नसता.

तेरावं होऊन काही आठवडे झाल्यावर श्रीनिवास माझ्याकडे आला. बसला नाही. म्हणाला, फोटो पुढच्या खोलीत लावला होता. मग भिंत बदलली. मग आतल्या खोलीत नेला. तरी जिथं जेवायला बसावं तिकडेच अम्मा बघते. बायको म्हणते तुमच्या मनाचे खेळ आहेत, आणि तीही आता तिकडे पाठ करून बसते.

मी खुर्ची पुढे केली, तो उभाच राहिला.

"सर, तवा अम्मानं डोळे मिटले होते. मी बघितलंय. त्यातला एखादा द्या की. मिटल्याला."

मी त्याला संगणकापुढे बसवलं आणि त्या दिवसाच्या सगळ्या फ्रेम एकेक करून दाखवल्या. सगळ्या मूळ फाइली, कशालाही हात न लावलेल्या. पुण्यातल्या एका जाणकाराकडून मी त्या तपासूनही घेतल्या होत्या. त्याला फेरफार सापडला नाही. नंतर त्याने मलाच विचारलं, अडचण नेमकी काय आहे?

शेवटची फ्रेम संपल्यावर श्रीनिवास म्हणाला, "मग कंप्युटरवर मिटून द्या. जमतं की तेवढं."

जमतं. मी नाही म्हणालो.

तो गेला. फोटो अजून त्याच्या घरात आहे, आईचा फोटो काढून टाकला असं भाऊबंदांना सांगता येत नाही म्हणून. खाण तिथंच आहे, तिथला उजेड अजूनही शहरातला सगळ्यात चांगला. आम्ही जात नाही. हे असं का घडलं, याचं कारण कुणाला ठाऊक असेल तर मला ऐकायचं आहे. मला सापडलेलं नाही. त्या दिवशी मी फक्त मिटलेल्या डोळ्यांचे फोटो काढले. माझ्याकडे तसा एकही नाही.