विनूदादांची पिकअप

विनूदादा कोपऱ्यावरून दूध आणायचं झालं तरी पिकअप काढत. दुकान त्यांच्या फाटकातून दिसत असे. तरी ते आधी कुबडी आत टाकत, मग दोन्ही हातांनी दार धरून वर चढत, आणि ती लांबलचक पांढरी गाडी सावकाश गल्लीत येई. जबलपूरला त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा मला याची फार गंमत वाटली. एकदा मी विचारलंच, "दादा, दुधासाठी एवढी मोठी गाडी?"

"लहानपणी मी सामानासारखा फिरलो, ताई," ते म्हणाले. "आता सामान मी फिरवतो."

त्यांचा डावा पाय पोलिओनं गेलेला होता. शाळेत मोठा भाऊ पाठुंगळी घेऊन जायचा, कॉलेजात मित्र सायकलच्या कॅरिअरवर बसवून न्यायचे. पुढे एका परदेशी कंपनीनं इथलं काम आटोपल्यावर आपल्या गाड्या लिलावात काढल्या, त्यात ही पिकअप होती. ऑटोमॅटिक. तिला क्लच नाही, गिअर आपले आपण बदलतात, सगळं काम उजव्या पायाचं. तेव्हा अशी गाडी कोणालाच नको होती. विनूदादांनी ती घेतली आणि तिच्या जोरावर रोपांची नर्सरी काढली. आंबा, आवळा, पेरू, लिंबू. शहपुऱ्याच्या शेतकऱ्यांकडे, कुंडमच्या जंगलातल्या गावांकडे ते स्वतः रोपं पोचवत. शैलावहिनी शेजारी बसून हिशेबाचं आणि उतरवून घेण्याचं बघत. दुसऱ्या कोणाच्या गाडीत मात्र दादा बसत नसत. लग्नाला जायचं तर पिकअप, दवाखान्यात जायचं तर पिकअप. "मला कोणी पोचवून द्यायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

मग त्या गाडीचा गिअरबॉक्स गेला.

रिछाईला रफीक मिस्त्रींचं गॅरेज होतं. जुन्या गाड्यांच्या कामात त्यांचा हात बसलेला. त्यांनी बॉक्स उतरवला, उघडला आणि पुसून पुन्हा झाकून ठेवला. "दादा, अंदर सब जल गया है. इसका सामान अब कहीं नहीं मिलेगा." इंजिन मात्र ठणठणीत होतं. याच बनावटीच्या एका मोडीत निघालेल्या गाडीचा साधा, हातानं बदलायचा गिअरबॉक्स मिळत होता. तो बसवला की गाडी पुन्हा चालेल. पण मग तिला क्लच येणार, आणि क्लच डाव्या पायाचा.

रफीकभाईंनी हातानं दाबायचा क्लचही सुचवला. त्यांच्याकडे तशी एक गाडी आलेली होती. दादांनी ती गॅरेजच्या अंगणात चालवून पाहिली. घरी आल्यावर मला म्हणाले, "रिकाम्या गाडीत जमेल, ताई. भरलेली गाडी चढावर थांबली आणि मागं कोणी असलं, तर एका हातानं काय काय करू? माझा खांदाही आता पहिल्यासारखा नाही." नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. मुलगी बंगलोरला, ती म्हणत होती, बाबा, नर्सरी बंद करा, आराम करा.

दोन-तीन दिवस ते व्हरांड्यात बसून राहिले. दूध वहिनीच आणत होत्या. मग एका सकाळी मी फाटकाशी उभी असताना त्यांनी वहिनींना हाक मारली.

"शैला, तू गाडी चालवशील?"

"मी?" वहिनींच्या हातात रोपाची पिशवी होती. "साठीला आली मी. काहून चेष्टा करून राहिले?"

"चेष्टा नाही. साधा बॉक्स बसवून घेतो. गाडी माझी होती, पण काम दोघांचं आहे. ते काहून बंद पाडायचं?"

वहिनींनी पिशवी खाली ठेवली. "आणि तुम्ही?" त्यांनी विचारलं. दादा कुबडी घेऊन रफीकभाईंना फोन करायला उठले.

काम पुष्कळ दिवस चाललं. दादा रोज रिछाईला जात, आणि तेही रिक्षानं. रिक्षात बसताना ते कोणाकडे बघत नसत. गॅरेजात स्टुलावर बसून एकेक गोष्ट बघत: नवं फ्लायव्हील, क्लच प्लेट, पायाखाली बसवलेलं तिसरं पेडल, गिअरच्या दांड्यासाठी फरशीत पाडलेलं भोक. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लांबीला जमेना, तो कापून पुन्हा जोडून घ्यावा लागला. सगळं बसलं, आणि गाडी सुरूच होईना. किल्ली फिरवली तरी हूं की चूं नाही. जुन्या बॉक्सचा दांडा पार्किंगमध्ये असल्याशिवाय ती सुरू होत नसे. आता तो दांडाच नव्हता आणि गाडी त्याचीच वाट बघत होती. रफीकभाईंनी दोन तारा शोधून जोडल्या, तेव्हा इंजिन लागलं. "बिचारी को किसी ने बताया ही नहीं था," ते म्हणाले. दादा हसले. मग उठून त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि तो काढून घ्यायला त्यांना वेळ लागला.

रविवारी कारखाने बंद असले की रिछाईचे रस्ते मोकळे असत. तिथं वहिनींची शिकवणी सुरू झाली. मला सोबतीला मागच्या सीटवर बसवलं होतं.

"आता दाब," दादा म्हणाले.

"दाबूनच राहिली मी."

"मग सोड."

गाडीनं उडी मारली आणि बंद पडली.

"असा नाही. हळू सोड."

"हळू म्हणजे किती हळू?"

दादांनी आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. "मला काय माहीत," ते म्हणाले. "मी जन्मात कधी दाबला नाही."

वहिनी आधी हसल्या, मग आम्ही सगळेच. त्यानंतर मात्र दोघं एका पातळीवर आले. दादांना पाय ठाऊक नव्हता, पण इंजिन कानानं पुरतं ठाऊक होतं. ते डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "थकून राहिली ती, खालचा टाक." वहिनी पायानं शोधत, ते कानानं सांगत. दसऱ्यापर्यंत वहिनी बाजारातून गाडी काढायला लागल्या. परवानाही मिळाला.

पण पहिली भरलेली गाडी निघायची त्या दिवशी दादा म्हणाले, "तू जा. माझं काय काम?" आवाज कोरडा होता. वहिनींनी दार उघडं ठेवलं आणि म्हणाल्या, "मला रस्ते माहीत नाहीत जी. तुम्ही नाही आलात तर रोपं नेऊ कुठं?"

इतकी वर्षं त्याच रस्त्यांवर त्या शेजारी बसून गेल्या होत्या. प्रत्येक वळण त्यांना पाठ होतं. दादांनाही ते माहीत असणार. तरी ते उठले, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि दार धरून वर चढले.

पुढं ते नेहमी जाऊ लागले. एकदा मीही होते. कुंडमच्या रस्त्यावर ते एकदम म्हणाले, "शैला, इथं पिंपळाखाली विहीर आहे. मला आजवर दिसली नाही."

"मला रोज दिसायची," वहिनी म्हणाल्या.

त्यानंतर ते झाडं बघत जात. कोणाच्या शेतात आपला आवळा लागला, कोणाचा वाळला, हे त्यांना आता चालत्या गाडीतून कळे. "चालवताना नुसता रस्ता दिसतो, ताई," मला म्हणाले. "मुलूख आता बघून राहिलो." ते बोलताना त्यांच्या तोंडावर तक्रार नव्हती. सुखाचा मात्र मी दावा करणार नाही. कधी कधी उजवा पाय आपसूक ब्रेक दाबल्यासारखा फरशीवर टेके, आणि ते तो हळूच मागं घेत.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. न्युमोनियाचं निमित्त झालं. शेवटी दवाखान्यात त्यांना वहिनींनीच नेलं, पिकअपमधून. मुलगी आली, दिवस झाले, मुलगी परत गेली. वहिनी सगळ्यात उभ्या होत्या.

मग कुंडमपलीकडच्या एका शाळेची रोपं पोचवायची होती. मी वहिनींसोबत गेले. शाळेचे गुरुजी गाडीपाशी आले, माझ्या बाजूनं आत डोकावले. "दादा नईं आए?"

"नहीं आएँगे अब," वहिनी म्हणाल्या. "पौधे उतरवा लीजिए गुरुजी, धूप चढ़ रही है."

गुरुजींनी डोक्याचा गमछा काढून हातात घेतला. मग मुलांना बोलावलं. आवळ्याची रोपं एकेक करून भिंतीच्या सावलीत लागली. वहिनींनी प्रत्येकाची माती बोटानं दाबून पाहिली.

येताना गावाचा रस्ता जबलपूरच्या रस्त्याला मिळतो त्या फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली. दोन्ही हात चाकावर तसेच होते. त्या रडायला लागल्या, आधी आवाज न करता, मग आवाजानं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मागून एक ट्रॅक्टर आला, थोडा थांबला आणि बाजूनं निघून गेला.

काही वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पहिला गिअर टाकला.

"ताई," त्या म्हणाल्या, "डावीकडून काही येऊन राहिलं का, बघा जरा."

मी मान बाहेर काढून पाहिलं. रस्ता मोकळा होता. तसं त्यांना सांगितलं, आणि आम्ही निघालो.