अक्कांचं शुक्रवारचं तेल

लग्न होऊन मी धारवाडहून हुबळीला आले, तेव्हा सासरच्या घरात त्वचेचा एकच प्रकार मान्य होता: कोरडी. ती अक्कांची. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. घरातले, शेजारचे, दूधवाला, सगळे त्यांना अक्का म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. हुबळीच्या वाऱ्यानं त्यांचे हातपाय पांढरे पडायचे, ओठ फुटायचे, टाचांना भेगा जायच्या. त्यांच्या अंगाला तेल लावलं की ते कुठे गेलं हे कळायचंसुद्धा नाही. त्यामुळे देवानं माणूस घडवला तो तेल जिरवायलाच, अशी त्यांची पक्की समजूत होती.

माझं उलट. माझ्या तोंडाला तेल बाहेरून लावायची गरजच नव्हती, आतूनच भरपूर पुरवठा होता. सकाळी पावडर लावावी तर दुपारच्या आत नाक चमकायला लागे. माहेरी आम्ही दोघी बहिणी. धाकटीच्या गालांना आई दुधावरची साय चोळायची, आणि मी "मला पण" म्हणून पुढे झाले की माझा हात झटकायची. "तुला मसुरीचं पीठ. सकाळ-संध्याकाळ हलक्या हातानं लावायचं, धुवायचं आणि मग तोंडाचा नाद सोडायचा." लहानपणी मला हा चक्क पक्षपात वाटायचा. पण त्या पिठावर माझं तोंड कॉलेज संपेपर्यंत साफ राहिलं, हे कबूल करायला हवं.

सासरचा पहिला शुक्रवार आला. अक्कांनी न्हाणीघराच्या दारात पाट मांडला, खोबरेल आणि एरंडेल एका वाटीत कोमट केलं आणि मला हाक मारली, "बा, कुंद्र." ये, बस. अक्का एरवी मराठी बोलायच्या, पण माया आणि राग मात्र कानडीतून. मी बसले. त्यांनी टाळूवर तेल थापलं, केसांच्या मुळाशी जिरवलं, कानामागे, मानेवर उतरवलं, आणि उरलेल्या तेलाचे दोन्ही तळवे माझ्या तोंडावरून असे काही फिरवले की कपाळ, गाल, हनुवटी, एक जागा कोरडी राहिली नाही.

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आठवडाभर अक्का माझ्याशी जे काही बोलायच्या ते भाकरीबद्दल. कड जाड राहिली, मध्ये करपली, पीठ नीट मळलं नाही. पण शुक्रवारी डोक्यावरून फिरणारा त्यांचा हात जणू दुसऱ्याच बाईचा असायचा. नव्या घरात मायेनं हात लावणारं तेवढं एकच माणूस होतं मला. नवऱ्याचं सोडा, तो दिवसाढवळ्या माझ्याकडे बघायलाही भ्यायचा.

काही शुक्रवार गेले आणि हनुवटीवर पहिली पुटकुळी उगवली. मग कपाळावर त्यांची वसाहतच झाली. अक्कांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि निदान केलं, "उष्णता झालीय पोरीला." आणि उष्णतेवर उपाय काय? एरंडेल. ते थंड असतं ना! पुढच्या शुक्रवारी वाटी मोठी झाली. तेल वाढलं तशा पुटकुळ्या वाढल्या, पुटकुळ्या वाढल्या तशी उष्णता वाढली, आणि उष्णता वाढली म्हणून तेल वाढलं. मी पाटावर डोळे मिटून बसायचे आणि मनात म्हणायचे, अगं बाई, आता तळायचीच काय ती राहिले.

त्यात माझी पहिली संक्रांत जवळ येत चालली. नव्या सुनेची संक्रांत म्हणजे काळी साडी, हलव्याचे दागिने आणि गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका तोंड बघायला हजर. आमच्या विद्यानगरात तेव्हा घरं कमी आणि मोकळा माळ जास्त, पण बायकांची नजर मात्र दाट होती. शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाल्याच, "काय हो अक्का, सून कोमेजली की! सोसेना झालंय का घर?" अक्कांनी विरजण अर्धा चमचाच दिलं.

माझी पंचाईत अशी होती. मला माझं तोंड परत हवं होतं आणि अक्कांचा शुक्रवारही सोडायचा नव्हता. "तोंडाला तेल नको" म्हणावं तर त्या दुखावणार, आणि दुखावलेल्या अक्का पुन्हा माझ्यासाठी पाट मांडणार नाहीत, याची मला खात्री होती. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही सांगा. तो म्हणाला, "मलाही शनिवारी लावतेच की ती. मी काही बोलतो का?" म्हटलं, "तुमच्या तोंडावरून रोज वस्तरा फिरतो, त्यात निघून जातंय सगळं!" तो पेपर तपासायला निघून गेला. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला घरात तोंड उघडायचं नसलं की पेपर बरे सापडतात.

मग मी पळवाटा काढल्या. एका शुक्रवारी "मी बाहेरची आहे" म्हणून बाजूला बसले. तेल टळलं. त्याच महिन्यात पुन्हा तेच सांगितलं, तर अक्कांचा चेहरा उतरला आणि त्या मला डॉक्टरीणबाईंकडे न्यायला लुगडं बदलूनच आल्या. मला तिथल्या तिथे बरं वाटावं लागलं. मग चोरून साबण लावायला सुरुवात केली. तेल लागलं की मागच्या नळावर जायचं आणि तोंड खसाखसा घासायचं, दिवसातून येता जाता घासायचं. परिणाम असा की गालांची सालं निघाली, आणि नाक मात्र पहिल्यापेक्षा जास्त चमकू लागलं. आई बघती तर म्हणाली असती, "तोंड आहे की तवा?"

एका सकाळी मी नवऱ्याचं टेबल आवरत होते. उत्तरपत्रिकांखाली शाई टिपायचा टीपकागद होता, कोरा. वैतागून मी तो नाकावर दाबला. काढून बघते तर कागद आरपार दिसायला लागलेला. मागे अक्का उभ्या.

"एन इदु?" काय हे?

"तेल," मी म्हटलं. "माझं. घरचं." आता बोललेच आहे तर होऊ दे, असा विचार करून पुढे म्हणाले, "आज अजून काहीच लावलं नाहीये, अक्का."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. कोरा कोपरा शोधून आपल्या गालावर दाबला. काढला. कागद कोरडा ठणठणीत. पुन्हा दाबला, जोर लावून. पुन्हा बघितला.

"मग माझं कुठं गेलं?" त्यांनी विचारलं, जणू घरात चोरी झाली होती.

मी हसले. त्या हसल्या नाहीत, कारण त्यांना शोध लागला होता. दाढी करून बाहेर आलेल्या नवऱ्याला त्यांनी दारातच अडवलं. कागद दाबला तर कपाळाचा आणि नाकाचा डाग उठला, गालांचा काहीच नाही. "हा अर्धा माझ्यावर गेलाय, अर्धा बापावर," अक्कांनी जाहीर केलं. माझे सासरे रेल्वेत, फिरतीवर होते म्हणून वाचले. शेजारच्या वहिनी परत विरजणाला आल्या, तर आधी कागद, मग विरजण.

संध्याकाळपर्यंत घराचे नियम ठरले. मला मसुरीचं पीठ, दोनदाच, आणि येता जाता घासणं बंद. अक्कांना साबण बंद, आंघोळ झाल्या झाल्या ओल्या अंगावरच तेल, गालांना साय. नवऱ्याला पीठ, पण नाकाकपाळापुरतंच. आज माझी नात याला रुटीन म्हणते आणि त्यासाठी बाटल्यांची फळीच्या फळी लावते. आमचं एका टीपकागदात भागलं.

तोंड निवळत गेलं. शुक्रवार आला, आणि हाक काही आली नाही. मी उगीच न्हाणीघरापाशी घुटमळले. अक्का म्हणाल्या, "तुला सोसत नाही ते," आणि आपलं आपण तेल फासून आत गेल्या. पाट भिंतीला टेकवलेला. पुढच्या शुक्रवारीही तेच. त्यांच्या हिशेबी त्यांनी माझ्यावर मेहरबानी केली होती, आणि मला मात्र रडू येत होतं. आठवडाभर पुन्हा नुसती भाकरी, भाकरी आणि भाकरी.

संक्रांतीला बायका आल्या. तीळगूळ, कानडी बायकांचं तीळ-खोबऱ्याचं एळ्ळू, हळदीकुंकू. "अगं बाई, काय तजेला आलाय सुनेला!" असं प्रत्येकीनं म्हटलं आणि अक्का ताठ होऊन सांगत होत्या, "आमच्याकडे कागद लावून बघतात." हलव्याचा हार गळ्यात घालून मी हसत होते. पण आत काहीतरी रिकामं रिकामं वाटत होतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी मीच वाटी शेगडीवर धरली. पाट मांडला. आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "बर्री अक्का, कुंदर्री."

त्या हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या. "मी?"

"तुम्हीच. तुमचं कोरडं आहे. कागदानं सांगितलंय."

"मला कोण लावतंय?" त्या म्हणाल्या. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं. "इथं आल्यापासून कुणी नाही लावलं."

"बसा हो आधी."

त्या बसल्या. आधी अवघडून, मग पाठ सैल सोडून. मी टाळूवर तेल थापलं, मानेवर उतरवलं, भेगाळलेल्या गालांवर तळवे फिरवले. तेल बघता बघता जिरलं. अक्का डोळे मिटूनच म्हणाल्या, "कानामागे राहिलं." मी कानामागे लावलं. "डाव्या," त्या म्हणाल्या. मी डाव्या कानामागेही लावलं.

झाल्यावर त्या उठल्या, पाट पायानं माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "बा, कुंद्र."

"अक्का, पण माझं तोंड..."

"तोंड तुझं तू सांभाळ," त्या म्हणाल्या आणि वाटीत बोटं बुडवली. "डोकं माझं."