डुकराच्या आतड्यातले सात ठिपके

जपानात आइझूच्या आमच्या कारखान्यात मोठ्या आतड्यात घालून बघायच्या दुर्बिणी बनतात. टोकाची भिंगं तांदळाच्या कणीएवढी. ती मी चिमट्याने बसवते. कशी असावीत ते निहेईसान ठरवायचे. माणूस तिरसट, डबा कधी धुतलेला नाही. पण आतड्याच्या घडीमागे लपलेली गाठ दिसलीच पाहिजे, या एका हट्टापायी अठरा वर्षं घासली. त्यांच्या बायकोची गाठ तपासणीत तशीच दिसायची राहून गेली होती.

नव्या दुर्बिणीसाठी इगाराशी साहेबांनी त्यांचं भिंग बाजूला सारून दुसरं, स्वस्तातलं घेतलं. नजर रुंद, पण कडेला सगळं पुसट. साहेबांनी रबराच्या नळीत लालभडक मणी चिकटवून चाचणी उरकली. सगळे मणी दिसले, टाळ्या पडल्या. मला शिसारी आली. गाठ काय लाली लावून बसते?

निहेईसाननी मग आतडी भाजून विकणाऱ्याकडून डुकराचं आतडं आणलं. आत मांसाच्याच रंगाचे सात चपटे ठिपके चिकटवले आणि बाहेरच्या एका डॉक्टरला शोधायला बसवलं. खोलीभर घाण सुटली. साहेब रुमाल नाकाला लावून दारातच.

निहेईसानच्या भिंगातून सातही सापडले. नव्यातून चार.

"आतडं शिळं असेल हो," साहेब म्हणाले. "काय तो वास! झाका बघू ते आधी."

"झाकायचंच काम चाललंय की इथं," निहेईसान म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नव्या भिंगाच्या मंजुरीचा कागद फिरला. आमच्यात सहीऐवजी नावाचा शिक्का असतो; हाताखालच्यांनी तो साहेबांच्या शिक्क्याकडे जरा कलता मारायचा, मान लववल्यासारखा. कागदावरचे सगळे शिक्के कललेले होते. फक्त निहेईसानचा चौकोन रिकामा, आणि जोडणीचा माझाही.

कडेला काय दिसत नाही ते मला ठाऊक होतं. ती भिंगं माझ्याच हातांनी बसवली होती. तरी मारला शिक्का, चांगला वाकवून मारला. थू माझ्या जिनगानीवर!

निहेईसाननी कागद उचलला, माझ्या शिक्क्याकडे बराच वेळ बघितलं.

"मेगुरोसान, यंदा तुमचीही आतड्याची तपासणी आहे ना?"

"हो."

"मग याच दुर्बिणीनं करून घ्या."