ओटीतून परत आलेल्या गोळ्या

वरवंडजवळच्या आमच्या वाडीत ‘क्षयमुक्त गाव’ असा फलक लागला, तेव्हा माझ्या नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. क्षयानंच गेले ते. रांजणगावच्या कारखान्यात कंत्राटावर कामाला होते. गोळ्यांनी खोकला थांबला, अंगानं भरले, आणि आजाराचा बोभाटा झाला तर कामावरून काढतील या धास्तीनं त्यांनी गोळ्या अर्ध्यावर सोडल्या. आजार उलटला. मी रोज देवीपुढं हात जोडत होते. तिनं ऐकलं नाही, म्हणून मी तिच्यावर रुसले.

पुढं घरातल्या माणसांची तपासणी झाली आणि माझ्याही छातीत तोच आजार निघाला. आशाताई घरी गोळ्या आणून देई. गोळी घेतली की पोटात ढवळे आणि वाटे, कशाला हा खटाटोप? शाळेत जाणारी लेक समोर असताना असं वाटावं, इतकं माझं मन मेलं होतं. एका शुक्रवारी भर दुपारी, देवळात चिटपाखरू नसताना, मी साऱ्या गोळ्या खणात गुंडाळून नारळ-तांदळांसोबत देवीपुढं ठेवल्या. आता तुझं तू बघ, म्हटलं. विधवेनं ओटी भरू नये म्हणतात, म्हणूनच ती वेळ साधली होती.

पण खांबाआड एक म्हातारी बसलेली, ती मला दिसलीच नव्हती. आमच्या गावची नव्हे. तिनं उठून खण उलगडला, गोळ्या पाहिल्या.

“पदर पसर, बाई.”

“मला वटी भरून घ्याया चालत न्हाई, मावशी. मालक गेलं माझं.”

“आईला समदं चालतंय. तिचं घिऊन झालं, आता ह्यो तुझा परसाद. परसाद कुणी टाकतं व्हय?”

नारळ, तांदूळ, गोळ्या, सगळं तिनं माझ्या पदरात घातलं. ते गेल्यापासून माझ्या पदरात कुणी काही घातलं नव्हतं. मी हमसून हमसून रडले. नंतर गुरवाला विचारलं, पण तिला तोही ओळखत नव्हता.

प्रसाद टाकता येत नाही. रोज गोळी कपाळाला लावून घेत गेले, ढवळलं तरी घेतली. कोर्स पुरा झाला, डॉक्टर बरी झालात म्हणाले, लेक गळ्यात पडली. देवीवरचा रुसवा गेला. आता तिच्याकडं काही मागत नाही. ठेवशील तशी राहीन, एवढंच म्हणते. खंत मात्र जात नाही. त्यांनी गोळ्या सोडल्या तेव्हा त्यांना कुणी असं आडवं आलं नाही. संसारात कधी त्यांचं नाव तोंडानं घेतलं नाही मी. आता देवीचे आभार मानायला जाते, आणि आधी त्यांचंच नाव तोंडात येतं.